चुड्याचं माप

लग्नाचा चुडा भरायला कासारीणबाई घरी आल्या होत्या. नवरीचा हात भरून झाल्यावर आईने धाकट्या शाल्मलीला पुढे ढकललं. ती वर्षभराने होस्टेलहून नुकतीच आली होती आणि अंगावरची ओढणी सोडत नव्हती.

"हात सैल सोड गं, दुखलं तर सांग," म्हणत कासारीणबाईंनी बांगडी चढवली. ती थेट कोपरापर्यंत गेली.

"वैनी, तुम्ही सांगितलेलं माप चुकलं की."

"चुकेल कसं? होस्टेलहून रोज या भिंतीच्या पडद्यावर माझ्यासमोर बसून जेवते ती," आई म्हणाली. " हात चांगला भरलाय, गालसुद्धा. आत्ता प्रवासाने उतरलीय, एवढंच."

शाल्मली हात मागे घेऊ लागली. "आई, भिंतीवर आपलं रूप बदलून हवं तसं दिसता येतं. तुझ्यासाठी मी गाल वाढवून ठेवले होते. वर्गाच्या पडद्यावर तर याहून बारीक दिसते."

"याहून?" आई थांबली. "आणि रोजचं ताट?"

"तेही भिंतीवरचंच, खोटं."

आईने तिचं मनगट मुठीत धरलं. मूठ मिटली तरी आत जागा उरली. आईने मूठ सोडली नाही.

कासारीणबाईंनी लहान मुलींच्या बांगड्यांचा डबा उघडला.