फायनलची शिट्टी

“मास्तर फुटला! जबलपूरवाल्यांनी फोडला त्याले!”

चंपतराव बाकावर चढून ओरडले आणि नागपुरातल्या महालच्या मैदानावरची सारी गर्दी तेच ओरडू लागली. रविंद्रनं शेवटच्या क्षणी टाकलेला बॉल बास्केटमध्ये पडला होता. पण पंच आनंदराव मास्तरांनी त्याआधीच शिट्टी वाजवली होती. रविंद्रचा पाय रेषेबाहेर गेला, असं त्यांचं म्हणणं. बास्केट रद्द झाली. नागपूरची टीम एका गुणानं फायनल हरली.

मैदानामागच्या गल्लीत चंपतरावांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी स्वतः कधी बॉल हातात धरला नव्हता, पण बास्केटबॉलमधली अशी एक गोष्ट नव्हती, जिच्यावर त्यांचं मत नाही. जबलपूरवाले नुसत्या उंचीवर जिंकतात. कन्हानच्या पोट्ट्यांत दम आहे, पण पास देताना त्यांचा जीव जातो. सेंटरचा गडी बदलल्याशिवाय नागपूर कप पाहत नाही, हे तर ते गणपतीपासून सांगत होते. लोक हवा भरायच्या निमित्तानं थांबायचे आणि तासभर ऐकत राहायचे.

आता विषय एकच होता.

“पाय आतच होता. म्या माझ्या डोळ्यानं पाहिला,” चंपतराव प्रत्येकाला सांगायचे. खरं तर ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

बोलणं पसरलं. क्लबनं मास्तरांना पंच म्हणून बोलावणं बंद केलं. ते ज्या शाळेत चित्रकला शिकवत, तिथली पोरं त्यांच्या पाठीमागं तोंडानं शिट्ट्या वाजवू लागली. उन्हाळ्यात त्यांच्या दोघी मुलींतल्या मोठीचं, शामलाचं, भिवापूरला जमलेलं लग्न मोडलं. विकल्या जाणाऱ्या माणसाशी सोयरीक नको, असा निरोप आला. दुकानात कोणीतरी ते सांगितलं, तेव्हा चंपतराव चाकाच्या तारा आवळत म्हणाले, “त्याले आपण थोडंच म्हटलं होतं, फूट म्हणून?”

दिवाळीनंतर रविंद्र चेन बसवून घ्यायला आला. नव्या सीझनच्या गोष्टी निघाल्या आणि चंपतराव पुन्हा मास्तरांवर घसरले. रविंद्रनं पेडल फिरवून पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, “काका, जाऊ द्या ना. पाय बाहेरच होता माझा.”

चंपतरावांचा हात थांबला. “मंग सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही सारे माझ्या बाजूनं बोलून राहिले होते. मले बरं वाटे.”

त्या दिवशी चंपतराव गिऱ्हाइकांशी फक्त सायकलीचंच बोलले. भिवापूरच्या निरोपावर आपण काय बोललो होतो ते आठवलं, की त्यांचे कान तापायचे.

रविवारी ते मास्तरांच्या घरी गेले. दार मास्तरांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी उघडलं. त्यांनी ओळखलं आणि त्या आत वळल्या.

“कोण आहे वं आई?” आतून शामलाचा आवाज आला. प्रेमिलाबाईंनी मास्तरांना हाक मारली.

मास्तर बाहेर आले. “बसा.”

चंपतराव उभेच राहिले. “मास्तर, माझं चुकलं. म्या पाहिलंच नव्हतं. रविंद्रनं सांगितलं, पाय बाहेर होता.”

“होता.”

“तुम्ही म्हणाल ते करतो.”

मास्तर जमिनीकडं बघत राहिले. “घरी येऊन सांगितलं, बरं केलं. पण तेव्हा तर तुम्ही मैदानात, साऱ्यांसमोर बोलले होते, चंपतराव.”

म्हणून सेमीफायनलच्या दिवशी चंपतरावांनी क्लबवाल्यांकडून माईक मागून घेतला. सगळी महालची वस्ती तिथं होती. “मास्तर खरे होते,” ते म्हणाले. “म्या खोटं बोललो. तुम्ही ऐकून घेतलं.” त्यांनी माईक परत केला. एका कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या. क्लबनं त्याच संध्याकाळी फायनलची शिट्टी मास्तरांकडं दिली.

फायनल पुन्हा जबलपूरशीच होती. चंपतरावांना बास्केटखालीच खुर्ची मिळाली होती. ते एकदाही ओरडले नाहीत. मास्तर मैदानभर पळत होते, नेमके वळत होते, आणि चंपतरावांना वाटत होतं, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

अगदी शेवटी जबलपूर एका गुणानं पुढं होतं. नागपूरच्या धोंडबानं उडी मारली. जबलपूरच्या उंच पोरानं वरच्या वर बॉल अडवला. शिट्टी वाजली. फाऊल.

“सर, बॉल पे हाथ था!” पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला. त्यानं भोवती पाहिलं. सगळ्यात जवळ चंपतराव होते. “चाचा, आपने तो देखा ना?”

चंपतरावांनाही हात बॉलवरच दिसला होता, धोंडबाला लागलेला नाही. पण दिसण्यावर त्यांचा आता भरवसा राहिला नव्हता. पुन्हा तेच पाप करायचं नव्हतं. ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मास्तरनं दिला म्हणजे फाऊलच. मास्तर चुकत नाही.”

धोंडबानं दोन्ही फ्री थ्रो टाकले. नागपूर जिंकलं. लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, कोणी भिवापूरवाल्यांच्या नावानं दोन शिव्याही घातल्या. चंपतराव कडेला उभे राहून डोळे पुसत होते.

गर्दी पांगल्यावर मास्तर त्यांच्याजवळ आले. गुलालानं चेहरा ओळखू येत नव्हता. त्यांनी चंपतरावांचा हात धरला, पण वर पाहिलं नाही.

“फाऊल नव्हता,” ते हळूच म्हणाले. “पण शामलाचं मोडलं, धाकटीचं लग्न अजून व्हायचं आहे, चंपतराव.”