सुंद्रीची जागा

“फाटकापाशी थोडा वेळ वाजवू दे त्याला,” दत्तोपंत म्हणाले. “पाहुणे गाडीतून उतरतील, तेवढ्यापुरतं. मंगल वाटतं गं.”

भावनाच्या हातातली पेन्सिल थांबली. संध्याकाळी सक्करदऱ्याच्या याच सभागृहात तिची रचना पहिल्यांदाच वाजणार होती. सोबतीला व्हायोलिनं, चेलो, अन् मधोमध एकटी सुंद्री. सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण. अंगानं वीतभर, पण आवाज असा की भिंतीपलीकडचा माणूस दचकावा. वाजवणारे आता शोधूनही सापडत नाहीत. उरलेल्या मोजक्यांतला एक, तिचा भाऊ प्रशिक, मंचावर बसून सुंद्रीच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवत होता.

दत्तोपंत भले माणूस. सभागृह त्यांनीच मिळवून दिलं, वादक त्यांनीच जमवले. त्यांना नाही म्हणणं जड होतं.

“जाऊ दे वं ताई,” प्रशिक सुंद्री घेऊन उठला. “येतो वाजवून. काय बिघडते?”

शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले होते. नागसेन मेश्राम तालमीला आज पहिल्यांदाच आले होते, तेही कोणाशी न बोलता.

“कुठं निघाला गा?”

“फाटकावर, बाबा. पाहुणे येऊन राहिले.”

बाबा हळूहळू पायऱ्या उतरत मंचापाशी आले. वादकांनी गज खाली ठेवले.

“तुह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली,” ते प्रशिकला म्हणाले, “अन् त्याच दिवशी सुंद्री फडक्यात बांधून ठेवली. काहून? वाजवणं वाईट म्हून नाही. लोकांच्या दाराबाहेर उभं राहून वाजवा लागे म्हून.”

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. “मेश्राम, माझ्या मनात तसं काही...”

“तुम्हाले नाही म्हणत मी.” बाबा भावनाकडे वळले. “हे तूनं लिहिलं नं? मंग सांग, याची जागा कुठं लिहिली तूनं?”

भावनानं समोरच्या पानाकडे पाहिलं. सुरुवातीला व्हायोलिनं होती, पानभर. मग चेलो. सगळ्यांचं झाल्यावर, अगदी दबकत, सुंद्री. बाकीच्यांना टोचू नये म्हणून तिनंच तसं लिहिलं होतं. आठवडाभर ती प्रशिकला एकच सांगत होती, हळू वाजव, अजून हळू.

तिनं पेन्सिल उचलली आणि पहिलं पान वरपासून खालपर्यंत रेघ मारून खोडलं.

“बस, प्रशिक. सुरुवात तूच करशील. एकटा. अन् दाबून नाही.”

“पण ताई,” पहिल्या व्हायोलिनवरची मिनल म्हणाली, “त्याचा सूर आमच्यापेक्षा चढा आहे. पूर्ण फुंकला तर अजून चढेल. त्याला उतरवता नाही येणार.”

“मग तुम्ही चढा.”

दत्तोपंतांनी टेबलावरचा पुष्पगुच्छ उचलला. “पाहुण्यांना काय सांगू?”

“वाजवणारा आत आहे म्हणून सांगा.”

ते मान हलवत एकटेच बाहेर गेले. प्रशिक मधल्या खुर्चीवर बसला. त्यानं गाल भरून सा लावला. मिनलच्या व्हायोलिनची एक तार ताणता ताणता तुटली. ती मुकाट्यानं दुसरी चढवू लागली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आत कोणी मान वळवली नाही. खुंट्या पिळल्या जात होत्या, आणि एकेक तार कण्हत, चाचपडत सुंद्रीच्या सुरापर्यंत वर येत होती.