निम्मा दाब

प्रतिभा गेली असं दवाखान्यातून कळलं, त्याच दिवशी साहेबांनी तिने ठरवलेला पाण्याचा दाब दुप्पट केला. आमचं तेलक्षेत्र जुनं. बाजूच्या विहिरींत पाणी सोडून तळाशी उरलेलं तेल सावकाश पुढे ढकलायचं, ही माझ्या बायकोची, प्रतिभाची योजना. ती इंजिनिअर, मी पंपावरचा ऑपरेटर.

तेराव्यानंतर कामावर आलो, तेव्हा तेलाच्या विहिरीतून नुसतं पाणी येत होतं.

"मॅडमचं गणित चुकलं, गावंडे. मार्चअखेर विहीर बंद," साहेब म्हणाले.

"गणित नाही, तुमची घाई चुकली. जोरात ढकललं की पाणी एकटंच पुढे पळतं, तेल मागे राहतं." त्यांच्यासमोरच व्हॉल्व्ह फिरवून मी दाब निम्म्यावर आणला.

"कोणाला विचारून?"

"वीस वर्षं जिला विचारतोय, तिलाच. मेमो द्या. मार्चला अवकाश आहे."

मेमो मिळाला. मी दाब वाढवू दिला नाही. सातव्या आठवड्यात नमुन्याच्या बाटलीत पाण्यावर बोटभर काळं तेल तरंगलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि मेमो परत मागितला.

मी दिला नाही; पुन्हा कोणी दाब वाढवायला आलं, तर तोच पुढे करीन. तिने आखलेल्या आणखी तीन विहिरींत पाणी सोडायचं राहिलं आहे.