पडद्याआडचा शब्द

"चाचा, भांडी नकोत, कपाट नको. फकस्त माज्या पोरीला, इन्शाला मागा," बिस्मिल्ला पडद्याआडून म्हणाली. दिलावरचाचांनी मान डोलावली आणि ते मशिदीच्या अंगणात, तलाकनंतरचं देणंघेणं ठरवायला जमलेल्या जमातीसमोर जाऊन बसले.

बायकांना त्या बैठकीत जागा नव्हती. त्यांचं म्हणणं पुरुषानं नेऊन सांगायचं, ही रीत. बिस्मिल्लाचं म्हणणं नेणारे दिलावरचाचाच. बारा वर्षांपूर्वी तिच्या निकाहात वकील तेच होते. दोन साक्षीदार घेऊन ते असेच पडद्याशी आले, तिची मर्जी विचारली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "कबूल आहे." पाच वेळचा नमाजी, सरळमार्गी माणूस. त्यांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ.

त्र्याण्णव साली सासरहून, राहुरीहून, नवऱ्याचं, परवेझचं पोस्टकार्ड आलं. तीनदा तलाक, खाली सही, संपलं. पाच वर्षांची इन्शा राहुरीलाच बापाकडे राहिली. नवरा गेल्याचं बिस्मिल्लाला फारसं दुःख झालं नाही, पण पोरीवाचून घास उतरेना. दर ईदेला ती अंदाजानं फ्रॉक शिवायची. इन्शाच्या वयाची एखादी पोर भिंतीशी उभी करायची आणि तिच्या उंचीवर कापड बेतायची. यंदाचा तिसरा फ्रॉक आत्ता तिच्या मांडीवर होता. भिंतीपलीकडे, बापाशेजारी, खुद्द इन्शा बसली होती. इतक्या जवळ, की खोकली तरी ऐकू यायचं.

बिस्मिल्ला पडद्याआड बसली होती ती ओसरी कडूबाईची. मोहल्ल्यातलं बौद्धांचं ते एकच घर, मशिदीला लागून.

भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला. "पोरीच्या आईची काही मागनी न्हाई. जमात ठरवील ते तिला कबूल हाय."



"आगं, तू तर पोरगी मागितली नं?" कडूबाई म्हणाली. "ऊठ! माज्या मोरीचं पानी कुठून काढायचं, ते बी ही मंडळी मला न इचारता ठरवत्यात. मी गप बसले. तू नको बसू."

बिस्मिल्ला उठली ती थेट अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात फ्रॉक तसाच होता.

"मी इन्शा मागितली हाय," ती म्हणाली. शब्द सगळ्यांना पोचला.

एकच गलका उठला. बाईमाणूस इथवर आलं कसं? जमातीच्या सदरांनी, म्हणजे अध्यक्षांनी, हात वर केला. "दिलावरमियाँ जन्मात खोटं बोलले न्हाईत. तूच बोलून आता फिरतेस. तरीपन पोरीचं मन बघू. दिलावरमियाँ, पोरीला बाजूला न्या, इचारा, आन काय म्हनती ते येऊन सांगा."

इन्शा फ्रॉककडे टक लावून बघत होती. फ्रॉक तिला चार बोटं आखूड होणार, हे बिस्मिल्लाला लांबूनच कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

दिलावरचाचा जागचे हलले नाहीत.

"मला नका पाठवू," ते खाली मान घालून म्हणाले. "पोरीला हितंच, समद्यांसमोर इचारा. निकाहाला हिची आई, ही बिस्मिल्ला, न्हाई म्हनली हुती. आमी तिघांनी ऐकलं. पन बाहेर पंगत बसली हुती, म्हनून कबूल मी सांगितलं."