भासऱ्याला हुकूम

सुभेदार भोजराजांनी आज अंजूच्या हाताखाली तिच्या भासऱ्याला उभं केलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न होऊन घरात आल्यापासून ती उदेभानांशी एक शब्द थेट बोलली नव्हती, आणि तेही तिच्याशी नाही. एका चटईवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. जेवायला बोलवायचं झालं तरी मधल्या कुणाला तरी सांगायचं, त्यांना म्हणा ताट वाढलं. सुभेदारांनी बोलावलेले उदेभान नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं येताना दिसले तशी अंजूनं पिशवीतली ओढणी काढली आणि ट्रॅकसूटवर डोक्यावरून घेतली.

फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार चोरखमारा तलावाच्या नहरेवर आसपासच्या पोरापोरींना तयार करत. अंजूचा नवरा जवान होता, तो नोकरीवर असतानाच गेला. आता तिला स्वतःला फौजेत अधिकारी व्हायचं होतं आणि सोमवारी भोपाळला निवड मंडळापुढं उभं राहायचं होतं. ती भरतीचं बोलली तेव्हा घरात सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. एकटे उदेभान गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिला अजून लागला नव्हता.

खेळ साधा होता. पाण्याला पाय न लावता रेतीनं भरलेला पिपा, म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, नहरेपलीकडे न्यायचा. दोन बांबू एकत्र बांधून आडवे टाकलेले. अंजूनं कशाला हात लावायचा नाही, फक्त हुकूम द्यायचा आणि शेवटी स्वतः बांबूवरून पलीकडे जायचं. पोलीस भरतीची तयारी करणारा भूपेंद्र खांद्यावर पिपा घेऊन बांबूवर चढला. तो मध्यावर पोचला आणि बांबू गरगरू लागले. मागचं टोक कुणीतरी दाबायला हवं होतं आणि टोकापाशी उदेभान उभे होते.

"भूपेंद्र, त्यायले सांग, टोक दाबून धरा म्हणा," अंजू म्हणाली.

बिचारा भूपेंद्र निरोप द्यायला मागं वळला. वरातीमागून घोडं! तो 'काका' म्हणेपर्यंत पिपा नहरेत आणि पिप्यामागोमाग भूपेंद्र. उदेभानांना हुकूम ऐकू आलाच होता, चार हातांवर तर उभे होते. पण निरोप त्यांच्यापर्यंत आला नव्हता, मग त्यांनी तरी कसं हलावं.

अंजूनं सुभेदारांना बाजूला घेतलं आणि दुसरा माणूस मागितला. भोपाळला काही कुणाचा भासरा येणार नव्हता, आणि घरच्या मोठ्या माणसाला चारचौघांत हुकूम देणं तिला पटत नव्हतं. खरं तर तिला भीती वाटत होती. उदेभान दुखावले आणि त्यांच्या गप्प बसण्याचं 'नाही' झालं, तर घरात तिच्या बाजूनं कुणीच उरलं नसतं.

सुभेदारांना या दुखण्याचा अनुभव होता. भाषणं ऐकून कुणी नेता होत नाही, असं त्यांचं ठाम मत. ज्याच्यापुढं जीभ उचलत नाही त्यालाच हुकूम द्यायला लावायचा, एवढीच त्यांची शाळा. बोदलकसा गावच्या एका पोराकडून तर त्यांनी त्याच्या मास्तरांचीच कवायत करून घेतली होती.

"भोपाळले नाही येनार भासरा," ते म्हणाले. "पन पुढं तुले पलटन भेटन. तिच्यात तुझ्या बापाच्या वयाचा सुभेदार असन, माझ्यासारखा. त्याले कोनाच्या हातून निरोप धाडशीन?"

सुभेदार पुलावरून पलीकडच्या काठाला गेले आणि चहाची किटली घेऊन बसले.

ओलाचिंब भूपेंद्र पिपा घेऊन पुन्हा चढला. पुन्हा मध्यावर बांबू फिरू लागले. या वेळी अंजूनं भूपेंद्रकडे पाहिलंच नाही. तिनं मान वर केली आणि उदेभानांच्या डोळ्यांत पाहिलं.

"टोकावर बसा. मी म्हनन तोवर उठू नका."

उदेभान बसले. बांबू जागच्या जागी थांबले. भूपेंद्र पिप्यासकट पलीकडे उतरला. आता अंजूनं जायचं होतं. ज्यांच्या चटईवर कधी बसली नाही, त्यांनी दाबून धरलेल्या बांबूवर तिनं पाय ठेवला. तोल सांभाळायला दोन्ही हात पसरावे लागले. ओढणी खांद्यावर घसरली आणि तिथंच राहिली.

ती अर्ध्यात पोचली असेल, तोच सुभेदारांनी पलीकडून हाक दिली, की पिपा पोचला, खेळ झाला, उदेभान, ऊठ, चहा घे. मुद्दाम दिली की कसं, हे भूपेंद्रला कधी कळलं नाही. उदेभान हलले नाहीत. सुभेदारांनी पुन्हा हाक मारली, आता परेडच्या आवाजात.

"तुमच्या म्हनन्यानं नाही उठत," उदेभान म्हणाले.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणाला न घालता, ते तिच्याशी बोलले.

"उठू काय, साहेब?"

नहरेच्या मध्यावर, खाली वाहतं पाणी, आणि रडायला ही काही जागा नव्हती. तिनं पाय घट्ट रोवले.

"नाही," ती म्हणाली. "बसून राहा."

उदेभानांनी दोन्ही हातांनी बांबू आणखी दाबून धरला.