आत्याजवळची प्रत

“फोटो मी देत नाई,” केशरबाई म्हणाली आणि खाटेखालची पेटी तिनं पायानं आणखी आत ढकलली.

शकुन सकाळच्या गाडीनं अकोल्याहून चांदूर रेल्वेला आली होती, ती त्या फोटोसाठीच. आत्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

“आत्या, परत आनून देतो ना. बाबाचं वर्षश्राद्ध आलं. भिंतीवर लावाले मोठा फोटो पायजे.”

शकुनचा बाप किसनराव रेल्वेत खलाशी होता. उभ्या जन्मात त्याचा एकच फोटो निघाला, तो लेकीच्या लग्नात. नवरा-नवरीच्या मागं फेटा बांधून ताठ उभा होता बिचारा. आमच्याकडे माणूस जिवंतपणी फोटो काढत नाही आणि मेल्यावर घरचे लग्नाच्या फोटोत त्याचं तोंड शोधत बसतात. भिंतीवर हार घालून बसलेले निम्मे म्हातारे असेच कुणाच्या तरी लग्नातून उचललेले असतात.

लग्न तरी काय, मोजक्या माणसांतलं. सूर्यभान सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या बाळापूरच्या घरचं कुणी फिरकलं नाही. खलाशाची पोरगी त्यांना नको होती. असं काही लग्न झालंच नाही, असं ते अजून चारचौघांत सांगत. तरी पठ्ठ्यानं लग्न केलं, म्हणून किसनराव जावयाला देवासारखं मानायचा.

शकुनच्या आईचा एकुलता फोटो वाळवीनं खाल्ला होता. त्याचा किसनरावानं धसकाच घेतला होता. बियाणं कुणी एका मडक्यात ठेवत नाही, असं म्हणून त्यानं लग्नाच्या फोटोच्या दोन प्रती काढून घेतल्या. एक लेकीला दिली, एक बहिणीला. जिच्यावरून फोटो छापतात ती मूळ काच मात्र चांदूरच्या फोटोवाल्याकडेच सांभाळायला ठेवली.

“मंग तुह्याजवळचा दे ना. माहा कायले?” केशरबाई म्हणाली.

“त्याच्यात बाबाच्या गालावर ओल लागली. हे म्हनतात, मोठा कराले साऱ्या परती लागतात. ज्याच्यात चेहरा साफ, ते पाहून फोटोवाला हात फिरवते.”

“अन् काच?”

“तेही नेऊन राहिलो.”

केशरबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “सारं एकाच हातात? मंग तुह्या बापानं तीन जागी कावून ठेवलं होतं वं?”

शकुन खाटेखालच्या पेटीकडे पाहू लागली. तिचे डोळे भरून आले.

“आत्या, मले बाबाचं तोंड आठवत नाई. डोये मिटले का नुसता फेटा दिसते.”

म्हातारीचा इलाजच खुंटला. तिनं पेटी ओढली.

फोटोवाल्यानं काच कागदात गुंडाळून दिली. अकोल्यापर्यंत शकुननं ती तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरली. कुणाचा धक्का लागला तर ती त्याच्यावर खेकसायची. जुन्या शहरातल्या खोलीत पाय ठेवताच तिनं काच आणि दोन्ही प्रती सूर्यभानच्या हवाली केल्या, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

सूर्यभाननं एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली.

“अजून कोनाजवळ नाई ना? एखादी चांगली परत राहून जाची.”

“नाई. बाबानं दोनच काढल्या होत्या.”

कोणता नवरा सासऱ्याच्या फोटोसाठी इतका खपतो? शकुनला त्याचं कोण कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात तो बढतीवर अमरावतीला गेला. तिथं फोटोवाला चांगला आहे म्हणून पुडकं सोबत नेलं. खोली मिळाली की तुला बोलावतो, म्हणाला.

श्राद्धाच्या आधी मोठा फोटो येऊन पोचलासुद्धा. काचेच्या चौकटीत एकटा किसनराव. आजूबाजूचं सगळं पुसून पांढरं केलेलं, फेट्याची घडी अन् घडी दिसत होती. शकुन त्याच्यासमोर बसून पोटभर रडली. पुढं श्राद्धाला आलेल्या केशरबाईनं फोटोला हात जोडले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

“मी उगाच शंका घेतली, मा. जवाई सोन्याचा हाय तुहा.”

बोलावणं यायला मात्र बरेच महिने गेले. आलं तेव्हा शकुननं खोली रिकामी केली, शेजारणींना साखर वाटली आणि बापाचा फोटो गोधडीत गुंडाळून अमरावतीची गाडी धरली.

सूर्यभान स्वतः स्टेशनवर आला होता. त्यानं तिची ट्रंक उचलली.

“आत्याची परत देता ना? तिले कबूल केलं मी,” रस्त्यात तिनं विचारलं.

“काच फुटली. परती पान्यात भिजल्या, फेकून द्या लागल्या.”

शकुन रस्त्यातच थांबली. आत्याला काय तोंड दाखवायचं? पण बापाचा चेहरा तर वाचला होता. तिनं गोधडी घट्ट धरली आणि मनाची समजूत घातली.

घर मोठं होतं, पुढं ओसरी, मागं विहीर. कारकुनाला एवढं घर कुणी दिलं, असं तिच्या मनात आलं. दारात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेली एक मुलगी उभी होती. शेजारची नवी सून असावी, म्हणून शकुन तिच्याकडे पाहून हसली.

मुलगी हसली नाही. तिनं शकुनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“हेच का हो स्वयंपाकाची बाई, तुमी माह्या बाबाले सांगतली होती ते?” तिनं सूर्यभानला विचारलं. “गळ्यात त पोत हाय इच्या. नवरा कुठं हाय इचा?”

सूर्यभाननं ट्रंक ओसरीवर ठेवली आणि रुमालानं मान पुसली.

“टाकली त्यानं.”