सुभेदारांचा धाक

पुसदच्या माजी सैनिक भवनाचं बंद पडलेलं स्वयंपाकघर कुंदानं मागून घेतलं आणि तिथं पोहे-आलुबोंड्याचा धंदा मांडला. समोरच्या मैदानावर सैन्यभरतीसाठी पळणारी पोरं हेच तिचं गिऱ्हाईक. पण भवनाचे अध्यक्ष, सुभेदार देवराव, रोज सकाळी दारातच खुर्ची टाकून बसायचे आणि येईल त्याच्यावर डाफरायचे.

"लाईनीत उभा राह्य! पोट आत घे! अन्न सांडलं तं मैदानाले चक्कर मारायले लावीन!"

पोरं मुकाट खाली मान घालून खायची. नवं गिऱ्हाईक तर उंबऱ्यावरूनच परत फिरायचं. कुंदा मेटाकुटीला आली. शेवटी एक दिवस तिचा तोल सुटलाच.

"काका, तुमच्यापायी माहा धंदा बसून राह्यला. कायले येता रोज?"

देवराव खुर्ची उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पोरं आली, दारातून आत डोकावली आणि माघारी वळली. तिसऱ्या दिवशीही तेच. परातभर आलुबोंडे गार होऊन पडले. वैतागून कुंदानं एकाला अडवलं, "काहून रे, आलुबोंडे बिघडले काय माहे?"

"नाही ताई, आलुबोंडे झ्याक हायेत. पण आमाले फौजेत जायचं हाये ना…

आमी तं सुभेदारसाहेबाच्या शिव्या खायले येत होतो."